बुर्जी आणि प्यादेमात : देशी बुद्धिबळाच्या नियमांकडे पुन्हा पाहताना

कोल्हापुरात जुन्या खेळाडूंच्या पटाशी बसले की एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. नव्या नियमांवर वाढलेल्या मुलाचे प्यादे घोड्याच्या उभ्या पट्टीतून शेवटच्या घराशी येते. मुलगा वजीर मागतो. समोरचे आजोबा शांतपणे सांगतात, ‘‘घोड्याच्या घरात घोडाच मिळतो. आणि तुझे दोन्ही घोडे अजून जिवंत आहेत, तेव्हा एक घर अलीकडंच थांब.’’ मुलाला हे गावठी वाटते. बुद्धिबळावर लिहिणारेही बहुधा ‘पूर्वी चुकीचे नियम चालत’ एवढ्यावर विषय आटोपतात. माझा आक्षेप ‘चुकीचे’ या शब्दाला आहे.

हल्ली तरुण मंडळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ खेळतात. १९७४ साली निघालेल्या या खेळाच्या लढाईच्या नियमांत बरेच फेरफार झाले. पूर्वी चिलखताचा आकडा जितका लहान तितके चिलखत भक्कम. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हे उलटे झाले. म्हणून जुन्या आवृत्तीला कोणी चूक म्हणत नाही. तिचे चाहते आजही तीच खेळतात. देशी बुद्धिबळाच्या नशिबी आवृत्तीचा क्रमांक आला नाही, एवढेच.

मग या दोन आवृत्त्या लढाई कशी कल्पितात? आंतरराष्ट्रीय नियमात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते, म्हणजे सैन्ये लवकर भिडतात. देशी खेळात ते सामान्यतः एकच घर सरकते. काही ठिकाणी तर आरंभी दोघांनी आपापल्या अर्ध्या पटात अनेक चाली एकदम करून मोहरी मांडून घ्यायची मुभा होती. आधी व्यूह, मग युद्ध. राजाला किल्लेकोट नाही. त्याऐवजी डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी, तीही तोवर शह बसला नसेल तरच. हा बारकावा मोलाचा आहे. आंतरराष्ट्रीय खेळात शह बसला, राजा न हलवता तो मोडून काढला, तर किल्लेकोटाचा हक्क शाबूत राहतो. देशी खेळात एका शहाने राजाची उडी कायमची जाते. नव्या खेळाडूला निरर्थक वाटणारा शह इथे कमाईचा असतो.

खरी मौज मात्र शेवटाकडे आहे. प्रतिस्पर्ध्याचे सारे सैन्य मारून राजा एकटा उरवला, तर ती ‘बुर्जी’ : बरोबरी, किंवा फार तर अर्धा विजय. म्हणजे वरचढ खेळाडूलाच शत्रूचे शेवटचे प्यादे जपावे लागते, आणि ते जिवंत असेतो मात करावी लागते. हरणारा उलट ते प्यादे मारून घ्यायला धडपडतो! प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, सर्वांत मानाची. आमच्याकडे निकाली कुस्ती आणि गुणांवरची कुस्ती यांतला फरक कोणाला समजवावा लागत नाही. बुर्जीचा न्याय त्याच जातीचा आहे. जिंकलात हे ठीक, पण कसे?

याचा अर्थ देशी नियम उदार होते असा नव्हे. प्याद्याची बढती त्याच्या पट्टीने ठरते आणि रिकाम्या जागेवरच मिळते, हे मला सरंजामी वाटते. पण हीच जागेची अट युरोपातही मांडली गेली होती. फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या ग्रंथाच्या १७४९पासूनच्या आवृत्त्यांत बढती मारल्या गेलेल्या मोहऱ्याचीच मिळेल, असे आहे. पटावर दोन वजीर त्याला खपत नव्हते.

दुसऱ्या बाजूला, देशी खेळ म्हणजे अस्सल प्राचीन चतुरंग, हा अभिमानही टिकत नाही. चतुरंगातला मंत्री तिरपे एकच घर जाई. आपला वजीर वाटेल तितकी घरे धावतो; ती चाल युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आली. देशी पट हाच मुळी मिश्र आवृत्ती आहे.

तिच्या ताकदीचा पुरावा मीर सुलतान खान. पंजाबातला हा खेळाडू देशी नियमांवर वाढला, १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला; पुढे १९३२ आणि १९३३ सालीही. हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवले. डावाची सुरुवात त्याची कच्ची. मध्य आणि शेवट पक्का. सावकाश भिडणाऱ्या खेळात मुरलेल्या माणसाचे हे असेच व्हायचे. १९३५ साली व्ही. के. खाडिलकरांशी झालेल्या दहा डावांत त्याने एकच बरोबरी दिली.

शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे अजिंक्यपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्यांसह वाटून घेतले. नव्या नियमांनी दिलेले नाकारता येत नाही : सांगलीच्या भाग्यश्री साठे, स्वाती घाटे जगाशी खेळू शकल्या, त्या जगाचे नियम एक होते म्हणूनच.

देशी नियम मात्र गावागावाला वेगळे, बरेचसे तोंडी. म्हणून ते जाणणारे आहेत तोवर गाववार टिपून घेणे निकडीचे आहे. मी पाहिलेले म्हातारे खेळाडू अनोळखी माणसासमोर बसले की मोहरी मांडतानाच विचारून घेत, ‘‘बुर्जी धरायची ना?’’