मेमपूलची हमी : एक चिकित्सा

मागील पाठात आपण लिनक्स कर्नलमधील मेमरी वाटप पाहिले. आता त्यातील एका रचनेचे गुणदोष पाहू.

मेमरी संपत आली की कर्नल बदललेली पाने डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. पण ती लिहिण्यासाठी ‘बायो’ हा ऑब्जेक्ट लागतो आणि बायोला मेमरी लागते. म्हणजे मेमरी मिळवण्यासाठी आधी मेमरी हवी! या पेचावर उपाय म्हणजे मेमपूल. त्यात काही ऑब्जेक्ट आधीच राखून ठेवलेले असतात. नेहमीच्या वाटपातून मेमरी मिळाली नाही की हा साठा उघडतो. तोही रिकामा असेल, तर मागणारा थांबतो. थांबण्याची मुभा असलेली मागणी म्हणूनच कधी अपयशी ठरत नाही. फाइल सिस्टिमसाठीच्या सामाईक बायो-साठ्यात केवळ 2 बायो राखीव असतात. तेवढे पुरतात, कारण येथे वेग नको, काम अडू नये इतकेच हवे. एक बायो परतला की पुढचा जातो.

हा विचार उत्तमच आहे. पण हमीतली अट फंक्शनच्या नावात किंवा प्रकारात कुठेच दिसत नाही. घेतलेला ऑब्जेक्ट परत आला पाहिजे, आणि तो परत येण्यासाठी त्याच साठ्यातून दुसरा लागता कामा नये, ही ती अट. समजा, दोन कामांनी एकेक बायो घेतला आणि तो पुढे पाठवण्याआधी दोघांनीही दुसरा मागितला. दोघेही कायमचे थांबतील. एकावर एक रचलेल्या ड्रायव्हरांत हा धोका खराच होता. त्यासाठी कर्नलमध्ये सुटकेची वेगळी वर्कक्यू जोडावी लागली. मेमरी भरपूर असताना ही चूक दिसत नाही, त्यामुळे साध्या चाचणीत ती निसटते.

उलट चूकही होते. ‘सबमिट_बायो’ परतण्याआधीच काम पूर्ण होऊन बायो मुक्त झालेला असू शकतो. ‘बायो_गेट’ने स्वतःचा संदर्भ राखला नसेल, तर त्यानंतर त्याला हात लावणे म्हणजे मुक्त केलेली मेमरी वाचणे.

वाटप आणि आयुर्मान हे दोन विषय आपण वेगळ्या प्रकरणांत शिकतो. साठवणुकीच्या कोडमध्ये मात्र ते एकच आहेत. मेमपूलमधून मागणी दिसली की विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत : हा ऑब्जेक्ट परत कोण करणार? आणि त्याआधी त्याला आणखी काय लागणार?