‘निकोस वेग’ आणि मराठी अध्येता : आंतरजालावरील प्राथमिक जर्मन अभ्यासक्रमाची एक चिकित्सा

महाराष्ट्रात जर्मन भाषेच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे. पुण्यातील मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग यांच्याभोवती ती वाढली. अकरावी-बारावीला द्वितीय भाषा म्हणून जर्मन घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिला संख्याबळ दिले. मात्र या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या निवडीमागे भाषाप्रेमापेक्षा गुणांचे गणित अधिक होते, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगावयास नको. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटले आहे. जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराकडे जाऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीस प्राथमिक जर्मन येत असल्याचा पुरावा २००७ पासून द्यावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यामुळे परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुणांपुढेही जर्मन भाषेचा प्रश्न उभा राहिला. हा नवा अध्येता पुण्यातच राहतो असे नाही. तो लातूर, चंद्रपूर किंवा कणकवली येथे असतो आणि त्याच्या हाती प्रथम येतो तो भ्रमणध्वनीवरील विनामूल्य अभ्यासक्रम.

अशा अभ्यासक्रमांत ‘डॉइच वेल’ या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’, म्हणजे ‘निकोचा मार्ग’, सर्वाधिक परिचित अभ्यासक्रमांपैकी एक आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक पातळ्यांच्या चौकटीनुसार त्याचे ए-१, ए-२ आणि बी-१ असे तीन भाग आहेत. प्रस्तुत लेखात त्यातील प्राथमिक भागाचा, मराठी अध्येत्याच्या दृष्टीने, विचार केला आहे.

या अभ्यासक्रमाचे बलस्थान त्याच्या कथेत आहे. निको हा स्पॅनिश तरुण जर्मनीत उतरतो. त्याची पिशवी हरवते. ज्या मावशी-आत्याच्या नात्यातील याराकडे त्याला जायचे असते, तिचा ठावठिकाणा त्याला लागत नाही. (जर्मनमधील ‘तांटे’ हा शब्द मावशी, आत्या, काकू, मामी या सर्वांना पुरून उरतो, मराठी प्रेक्षकाला पहिली अडचण येथेच जाणवावी.) लिझा, नीना, सेबास्टियान ही एकत्र राहणारी तरुण मंडळी त्याला आधार देतात, टारेक आणि माक्स यांचे उपाहारगृह, याराचे सायकलींचे दुकान आणि सीरियातून आलेली सेल्मा यांच्यासह कथा पुढे सरकते. प्रत्येक पाठ म्हणजे या चित्रपटाचा एक लहान तुकडा, त्यावरील स्वाध्याय, शब्दसंग्रह आणि व्याकरणाचे टिपण. सारे तुकडे सलग जोडले की पूर्ण चित्रपट तयार होतो.

भाषा शिकविण्यासाठी रचलेल्या कथा बहुधा निर्जीव असतात. पाठ्यपुस्तकातील पात्रे एकमेकांना पेनचा रंग विचारतात आणि समाधानाने उत्तरे देतात. निकोला मात्र पत्ता खरोखरच हवा असतो. गरज आधी आणि वाक्य नंतर, हा क्रम येथे सांभाळला गेला आहे, आणि पाठ मनात टिकतात ते त्यामुळे. पात्रे नैसर्गिक गतीने बोलतात, आणि निको चुकतो, अडखळतो, पुन्हा विचारतो. परभाषकाची चूक हा कथेचा स्वाभाविक भाग मानणे ही अध्यापनशास्त्रीय दृष्ट्याही मोलाची गोष्ट आहे.

असे असले तरी निको आणि मराठी अध्येता यांच्या परिस्थितीत एक मूलभूत अंतर आहे. निको स्पेनचा, म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक. त्याला जर्मनीत येण्यासाठी व्हिसा लागत नाही, भाषेचे प्रमाणपत्रही लागत नाही. तो आधी पोहोचतो आणि नंतर शिकतो. मराठी अध्येत्याला आधी शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि मगच विमानतळ दिसतो. निकोच्या अवतीभोवती सदैव जर्मन असते. पाठ संपल्यावरही दुकान, रस्ता, घर त्याला शिकवीतच असतात. मराठी अध्येत्याचा पाठ संपला की जर्मन संपते. ही कथा ज्या शिक्षणप्रक्रियेचे चित्र रंगविते, ती प्रक्रिया अभ्यासक्रम घेणाऱ्या अनेकांना उपलब्धच नाही. ‘डॉइच वेल’च्याच जुन्या नभोवाणी मालिकांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. ‘डॉइच, वारुम निश्ट?’ किंवा ‘रेडिओ डी’ या मालिकांच्या अनेक भाषांत आवृत्त्या होत्या आणि श्रोत्याच्या भाषेत बोलणारा निवेदक संवादांच्या मध्ये येऊन अर्थ उलगडीत असे. श्रोता दूर आहे, तो जर्मनीत नाही, हे त्या रचनेने गृहीत धरले होते. चित्रपटाच्या माध्यमाने दृश्य दिले, पण तो निवेदक मात्र कथेबाहेर गेला. उरले ते पडद्याखालचे टिपण, आणि ते मराठी विद्यार्थी बहुधा इंग्रजीतून वाचतो.

या इंग्रजी मध्यस्थीचा विचार जर्मनच्या अध्यापनात फारसा होत नाही, आणि प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य मुद्दा तोच आहे. इंग्रजीतून जर्मन शिकणारा मराठी विद्यार्थी आपल्या भाषेत आधीच असलेली सामग्री बाजूला ठेवतो आणि इंग्रजी भाषकाच्या अडचणी उसन्या घेतो.

लिंगव्यवस्थेचे उदाहरण घ्यावे. इंग्रजी भाषकाला नामाला लिंग असते ही कल्पनाच नवी असते. म्हणून ‘डेर, डी, दास’ या तीन उपपदांचे पाठ त्याला मोठे संकट वाटतात. मराठीत ‘तो, ती, ते’ जन्मापासून आहेत. ‘दास किंट’ म्हणजे ‘ते मूल’ यात मराठी मुलाला नवल वाटण्याचे कारण नाही. ‘दास मेडशेन’, म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी कसा, या प्रश्नाने इंग्रजी वाचक थक्क होतो. मराठीत ‘पोरगा, पोरगी, पोरगं’ आणि ‘कुत्रा, कुत्री, कुत्रं’ ही त्रयी आहे; लहानपणा, लाडिकपणा किंवा तुच्छता दाखवायची तर नपुंसकलिंग वापरले जाते. जर्मनमधील ‘-शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी होते, हा नियम मराठीतून एका वाक्यात समजतो. अर्थात कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे दोन्ही भाषांत जुळेलच असे नाही. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी, तेथे पुल्लिंगी. पाठांतर टळत नाही. परंतु पाठांतर कशाचे करायचे आहे, ती संकल्पना तयार असते.

विभक्तीच्या बाबतीत साम्य याहून सूक्ष्म आहे. ‘दास बूख गेफेल्ट मिअर’ या वाक्याचा इंग्रजी अर्थ सांगताना कर्ता बदलावा लागतो आणि विद्यार्थी गोंधळतो. मराठीत ‘ते पुस्तक मला आवडते’ असे म्हटले की रचना जशीच्या तशी उभी राहते. पुस्तके अनेक झाली की क्रियापद बदलते, ‘आवडतात’. जर्मनमध्येही ‘गेफालेन’ होते. अनुभव घेणारी व्यक्ती दोन्हीकडे चतुर्थीत राहते. ‘मिअर इस्ट काल्ट’ हे ‘मला थंडी वाजते’ याच घाटाचे वाक्य आहे. इंग्रजीच्या आधाराने शिकणारा मात्र ‘इष बिन काल्ट’ म्हणतो आणि आपण थंड मनाचे आहोत असे सुचवून बसतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी जाणे ही जर्मनची प्रसिद्ध खोड, तीही मराठी कानाला परकी नाही. ‘इष म्योष्टे हॉयटे डॉइच लेर्नेन’ या वाक्यातील ‘शिकणे’ शेवटी येते, तसेच ते ‘मला आज जर्मन शिकायचे आहे’ यातही शेवटाकडेच येते. दुसऱ्या स्थानावरील क्रियापद आणि विलग होणारे उपसर्ग यांबाबत मराठीचा उपयोग होत नाही, हेही नोंदविले पाहिजे.

संख्यांचा पाठ तर मनोरंजक आहे. पंचविसाला जर्मन भाषक ‘फ्युन्फ उंट त्स्वान्त्सिष’, म्हणजे ‘पाच आणि वीस’ म्हणतो. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हा उलटा क्रम वाटतो. ‘पंचवीस’ या शब्दातही पाच आधी आणि वीस नंतर आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. कारण तो पंचवीस ऐवजी ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणूनच मोजू लागलेला असतो. ‘एकोणतीस’सारख्या संख्या सोडल्या तर क्रम एकच आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशी वाचनाची पर्यायी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जर्मनीतही ‘त्स्वान्त्सिष-आइन्स’, म्हणजे अक्षरशः ‘वीस-एक’, याच नावाची एक संस्था संख्यावाचनाचा क्रम बदलावा म्हणून प्रयत्न करीत आली आहे. एकाच अडचणीवर दोन भाषिक समाजांनी एकच उपाय सुचवावा, हे योगायोगापेक्षा भाषारचनेच्या साम्याचे द्योतक आहे.

घड्याळाच्या पाठात ‘हाल्प ड्राय’, शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे अडीच. बोलीभाषेतील इंग्रजीत ‘हाफ थ्री’ साडेतीनला म्हणतात. त्यामुळे येथे इंग्रजी केवळ निरुपयोगी नव्हे तर घातक ठरते. ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दापासून आला आहे: तिसरा अर्धा. जर्मन भाषक तीच रीत वापरतो. दीडसाठी जर्मनमध्ये असलेला ‘आंडर्टहाल्प’ हा शब्द, म्हणजे ‘दुसरा अर्धा’, हाही त्याच जातीचा. मात्र ‘साडेतीन’मध्ये मराठी रीत बदलते, तेथे उलटून गेलेला तास मोजला जातो, जर्मन भाषक त्यालाही ‘हाल्प फिअर’, अर्धे चार, म्हणतो. शिक्षकाने सावध करावयाचे ठिकाण ते हे.

साम्याबरोबर मराठीपणाच्या चुकाही संभवतात. आदरार्थी बहुवचन आपल्याकडे तृतीय पुरुषातही चालते: ‘माझे शिक्षक येतात’. जर्मनमध्ये आदराचे ‘झी’ हे सर्वनाम केवळ समोरच्या व्यक्तीसाठी आहे. अनुपस्थित शिक्षकासाठी क्रियापद एकवचनीच राहते. गुरुजींना एकवचनी करणे मराठी जिभेला जड जाते. शिवाय ‘निकोस वेग’मधील तरुण पात्रे परस्परांशी बहुतेक वेळा ‘डू’ म्हणजे ‘तू’ वापरतात. रुग्णालयात वा कार्यालयात जाणाऱ्या अध्येत्याला त्याआधी ‘झी’ची सवय हवी असते.

उच्चारांच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. जर्मन ‘त्साइट’ या शब्दातील आरंभीचा ध्वनी इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दारंभी उच्चारणे अवघड जाते. मराठीतील ‘चाक’, ‘चूल’ या शब्दांतील दंत्य ‘च’ तोच आहे. ‘झाड’मधील ‘झ’ हा ‘झोने’ या जर्मन शब्दाच्या आरंभाला बराचसा उपयोगी पडतो. ‘ऊ’साठी ओठ गोल ठेवून ‘ई’ म्हणण्याचा ‘य़ू’सदृश स्वर मात्र नव्यानेच शिकावा लागतो आणि तो शिक्षकाने समोर बसून ऐकल्याखेरीज सुधारत नाही.

येथे या अभ्यासक्रमाची दुसरी मर्यादा दिसते. त्यातील स्वाध्याय प्रामुख्याने ओळखण्याचे आहेत: योग्य पर्याय निवडणे, रिकाम्या जागा भरणे, शब्दांचा क्रम लावणे, चित्र व शब्द यांची जोडी जुळविणे. उत्तर बरोबर आले की हिरवी खूण मिळते. विद्यार्थ्याने स्वतः रचलेले वाक्य तपासणारे कोणी नसते. गोएथे संस्थेच्या ए-१ परीक्षेत मात्र अर्ज भरणे आणि सुमारे तीस शब्दांचा मजकूर लिहिणे अपेक्षित असते. तोंडी परीक्षेत स्वतःचा परिचय द्यावा लागतो, चिठ्ठीवरील शब्दावरून इतर परीक्षार्थींना प्रश्न विचारावा लागतो, विनंती करावी लागते. शेकडो हिरव्या खुणा मिळविलेला विद्यार्थी त्या टेबलापाशी गप्प बसू शकतो. हा दोष केवळ या एका अभ्यासक्रमाचा नाही, तो या माध्यमाचा आहे. परंतु विनामूल्य असल्यामुळे हाच अनेकांचा एकमेव आधार होतो, आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क मात्र विनामूल्य नसते. एका अनुत्तीर्ण प्रयत्नाची किंमत जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला जड असते.

महाविद्यालयांना या ठिकाणी करण्यासारखे काम आहे आणि त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. चित्रपट तयार आहे, पाठ तयार आहेत. उणीव आहे ती मराठीतून लिहिलेल्या एका पुरवणीची, जी प्रत्येक पाठाशेजारी मराठीची संबंधित रचना ठेवील, आणि आठवड्यातून दोन तास विद्यार्थ्यांना बोलावयास लावणाऱ्या वर्गाची. जर्मनचा पूर्णवेळ शिक्षक नसलेल्या महाविद्यालयातही मराठी आणि संस्कृतचे प्राध्यापक असतात. चतुर्थी, लघुत्वदर्शक प्रत्यय, अर्धतृतीय हे विषय त्यांच्या नित्य अध्यापनातले आहेत. पुरवणीचा व्याकरणविषयक भाग त्यांनी जर्मन जाणणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या मदतीने लिहावा आणि उच्चार व संभाषणाची बाजू त्या सहकाऱ्याने सांभाळावी. निकोची कथा चालू असताना दर पाचव्या-सहाव्या पाठानंतर चित्र थांबवून विद्यार्थ्याला याराचा पत्ता स्वतःच्या तोंडाने विचारायला लावावा. पर्याय समोर न ठेवता.