यंगचे निबंध आणि ब्रूमचे परीक्षण

मूळ लेखनापेक्षा त्याचे परीक्षणच अधिक वाचले जावे, हा योग लेखकाला सहसा सुखाचा नसतो. टॉमस यंग या इंग्रज वैद्याच्या वाट्याला तो आला. प्रकाश म्हणजे कणांचा वर्षाव नव्हे, तो तरंगरूप आहे, असे प्रतिपादन त्याने १८०१ पासून रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधांत केले. आणि १८०३ व १८०४ साली 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये त्यांची निनावी परीक्षणे प्रसिद्ध झाली. लेखक हेन्री ब्रूम हा पंचविशीच्या आसपासचा कायदेपंडित होता. पुढे १८३० साली तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. गृहस्थ आमच्याच व्यवसायातला, म्हणून त्याचे हे लेखन मी काहीशा कुतूहलाने व बऱ्याचशा संकोचाने वाचले.

भाषा धारदार आहे, यात शंका नाही. परंतु युक्तिवाद काय? तर निबंधांत गुण म्हणून काही नाही, सगळा कल्पनेचा खेळ आहे, आणि असले लेखन छापणाऱ्या संस्थेला लाज वाटावी! प्रतिपक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी न घेता न्यायाधीशालाच दटावणाऱ्या वकिलाची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे.

वस्तुतः साक्ष भक्कम होती, आणि ती अंशतः न्यूटनच्याच दप्तरातील होती. १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात न्यूटनने सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवले असता दिसणाऱ्या रंगीत कड्यांची सूक्ष्म मोजमापे दिली आहेत. कणवादाने त्या कड्यांचा उलगडा सहज होईना, म्हणून किरणाला परावर्तनाचे व पारगमनाचे आळीपाळीने झटके येतात, अशी पुस्ती त्याला जोडावी लागली. यंगने तेच आकडे घेतले आणि त्यांतून तरंगांची लांबी काढली: तांबड्या टोकाला इंचाचा सुमारे ३८,००० वा भाग, जांभळ्या टोकाला सुमारे ६०,००० वा. पुढे १८०३ च्या निबंधात त्याने सूर्याच्या बारीक किरणात इंचाचा सुमारे तिसावा भाग रुंदीची कागदी पट्टी धरली. तिच्या सावलीच्या आत प्रकाशाचे पट्टे उमटले. पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवताच ते नाहीसे झाले. दोन्ही बाजूंचा प्रकाश एकत्र आल्याखेरीज ते घडत नव्हते. ब्रूमने हा पुरावा तिरस्काराने बाजूस सारला. परीक्षकाने प्रयोग करून पाहावा व मग नाकारावा, असे यंगने पुस्तिका छापून बजावले. तिची, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, एक प्रत खपली.

ब्रूमच्या बाजूनेही बोलले पाहिजे. यंगची मांडणी त्रोटक होती, गणित अपुरे होते, आणि ईथरविषयीचे एक गृहीतक त्याने मध्येच मागे घेतले होते. साक्षीदाराने जबानी बदलली की कोर्टात तो संपतो. शास्त्रात तसे नसते, हे ब्रूमच्या ध्यानी आले नाही. शिवाय १७९६ साली त्याने स्वतः न्यूटनच्या वळणाने प्रकाशावर निबंध लिहिला होता, हे निनावी परीक्षणाच्या वाचकाला कसे कळावे? केवळ या टीकेमुळे तरंगवाद मागे पडला, असे मात्र मी म्हणणार नाही. १८०८ साली मालूसने दाखविलेल्या परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीभवनाचा उलगडा तेव्हाच्या तरंगवादाला करता येत नव्हता, ही अडचण खरी होती.

आपल्या नैयायिकांनी वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले आहेत. ब्रूमला स्वतःचा पक्ष होता, म्हणून ती वितंडा नव्हे. जयासाठी केलेला जल्प होय. वाद पाहायचा तर पॅरिसला जावे. तेथील अकादमीच्या स्पर्धेसाठी फ्रेनेलने १८१८ साली तरंगवादाचा गणिती प्रबंध दिला. परीक्षकांपैकी प्वासों कणवादी. त्याने प्रतिपक्षाचेच गणित पुढे चालविले आणि दाखविले की, हे खरे मानल्यास वाटोळ्या चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यभागी उजेडाचा ठिपका पडला पाहिजे. ही आपत्ती आहे, असे त्याला वाटले. आरागोने प्रयोग केला, ठिपका दिसला! १८१९ साली पारितोषिक फ्रेनेलला मिळाले. पूर्वपक्ष इतका प्रामाणिकपणे मांडणारा विरोधक लाभणे, हे फ्रेनेलचे भाग्य. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा कमी असतो, हे फूकोने १८५० साली दाखविले, तेव्हा कणवादाचा उरलासुरला आधारही गेला. ब्रूम १८६८ पर्यंत हयात होता.

१९०५ साली आइन्स्टाइनने प्रकाशाची पुंजरूप कल्पना मांडली आणि १९२३ च्या कॉम्प्टनच्या प्रयोगाने तिला बळ आले. तेव्हा ब्रूमच अखेर खरा ठरला, असे कोणी म्हणतात. ते मला पटत नाही. आइन्स्टाइनचा पुंज म्हणजे न्यूटनचा कण नव्हे. त्याने तरंगांचे पट्टे पुसून टाकले नाहीत. १९०९ साली जी. आय. टेलर याने अत्यंत क्षीण प्रकाशात सुईच्या सावलीचे छायाचित्र घेतले. सर्वांत मंद प्रकाशासाठी काच सुमारे तीन महिने उघडी ठेवावी लागली, तरी सावलीभोवतालचे पट्टे तीव्र प्रकाशातल्याइतकेच स्पष्ट उमटले होते.