वाऱ्याची सुटती कड

उंच वायझर लावलेली टूरिंग बाइक उभी असते तेव्हा अंमळ बेंगरूळच दिसते. मूळची आखूड, मागे कललेली काच उतरवून तिथे हातभर उंचीचं पारदर्शक पान आलं, की शेजारी हमखास विचारतात, "जुन्या स्कूटरला लावायचे, तसली का हो?" प्रश्नात खोच असते आणि उभ्या गाडीपुरती ती रास्तही असते. या काचेचा कस पार्किंगमध्ये लागत नाही. तो लागतो खंबाटकी उतरून सातारा मागे पडल्यावर, काटा ८० वर स्थिरावल्यावर.

वेग ६० वरून ८० वर गेला की वाढतो फक्त एक तृतीयांश, पण वाऱ्याचा दाब होतो पावणेदोनपट, कारण तो वेगाच्या वर्गाने चढतो. हा दाब छातीवर झेलत पुण्याहून कोल्हापूर गाठलं की मान आणि मनगटं तक्रार करायला लागतात. मग माणूस साधा हिशेब करतो : काच जितकी उंच, तितका वारा कमी. मीही तो केला आणि दुकानात होती त्यातली सर्वांत उंच काच आणली. छातीवरचा वारा थांबला खरा, पण हेल्मेट थडथडायला लागलं. आधी दाब होता, आता धपाटे.

रसग्रहणाची खरी जागा इथे आहे. काचेवरून वर चढलेला वारा वरच्या कडेशी सुटतो आणि सुटताना त्याचे भोवरे होतात. काचेच्या मागे दाब कमी असतो, त्यामुळे हे भोवरे आत, नेमके चालवणाऱ्याच्या डोक्याकडे ओढले जातात. उघड्या गाडीवर वारा जोरदार असतो पण एकसुरी असतो. मान त्याला टेकून राहू शकते. भोवऱ्यांना मात्र ताल नसतो. म्हणून चांगली काच ओळखायची ती वारा अडवण्यावरून नाही, तो कसा सोडते यावरून.

आता गाडीवर आहे ती काच पहिलीपेक्षा चार बोटं बुटकी आहे. ती खालून वर वाचावी. तळाशी, हेडलाइटच्या वर, दोन बोटांची आडवी फट आहे. अननुभवी डोळ्याला ती काटकसर वाटेल; प्रत्यक्षात साऱ्या रचनेचं मर्म तिच्यात आहे. फटीतून थोडा वारा मुद्दाम आत घेतलेला आहे. तो काचेमागची पोकळी भरतो, दाबातला फरक कमी करतो आणि वरच्या भोवऱ्यांची आतली ओढ मंदावते. मध्यावर काच खांद्यांच्या रेषेत रुंदावते, मग पुन्हा आवळते. आणि सर्वांत वर, शेवटच्या दोन बोटांत, ती उलटी वळते, पन्हाळीच्या ओठासारखी. या वळणाने वारा वर फेकला जातो आणि बुटकी काच उंच काचेचं काम करते. कडेला अडकवायचे वेगळे, कमी-जास्त करता येणारे ओठही मिळतात, तत्त्व तेच.

ही विद्या दुकानदारांइतकीच स्वारांनीही घडवली. होंडाची पहिली गोल्ड विंग १९७५ साली आली ती उघड्या छातीची. लांबचे प्रवासी तिला अमेरिकन डिझायनर क्रेग व्हेटर यांचं विंडजॅमर फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, बाहेरून आणून लावत. १९८० मध्ये होंडानेच फेअरिंगसकट इंटरस्टेट काढली. मधल्या काळात, १९७६ साली, बीएमडब्ल्यूची आर१००आरएस आली. तिचं फेअरिंग इटलीतल्या पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यात घडवलेलं होतं. आपल्याला बोगदा परवडत नाही, पण त्यातली एक युक्ती परवडते : लोकरीचे वीतभर धागे काचेच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. धागा सरळ लोळला तर वारा सरळ, गरगरला तर भोवरा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे मोकळ्या रस्त्यावर मान थोडी वर, मग थोडी खाली करून पाहायची. वर केल्यावर आवाज शांत झाला, तर काच थोडी बुटकी हवी. खाली केल्यावर झाला, तर थोडी उंच किंवा ओठाची.

उंचीला आणखी एक मर्यादा आहे, ती डोळ्याची. कड नाकाच्या शेंड्याशी असावी, म्हणजे रस्ता काचेवरून दिसतो. मोटारीसारखा वायपर इथे नाही. आंबोलीच्या पावसात समोरच्या ट्रकचे दिवे थेंबाथेंबात फुटतात, तेव्हा आरपार पाहायला लावणारी काच आंधळी करते.

बसवणं अर्ध्या तासाचं काम, पण त्यातही रस आहे. काचेचं पॉलिकार्बोनेट दगडाला भीत नाही, रसायनाला भितं. बोल्टला लावायचं थ्रेडलॉक त्याला लागलं तर भोकाभोवती केसासारख्या चिरा पडतात. पेट्रोलचा बोळा तर लांबच ठेवावा, साबण-पाणी पुरे. भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं असतं, कारण उन्हात प्लास्टिक पसरतं. मध्ये रबर, वर नायलॉनचा वॉशर, आणि पीळ हाताला जाणवेल इतकाच. आवळून टाकणं हा आपल्या गॅरेजांचा स्थायीभाव. या चार बोल्टांपुरता तो विसरायला लावावा.

दोष आहेतच. चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, आडवा वारा या पानाला शिडासारखं धरतो आणि पुढचं चाक हलकं वाटतं. एप्रिलमध्ये कराडच्या पुढे हवेची झुळूक अंगाला लागत नाही, जॅकेटात घामाची अंघोळ होते. पावसाळ्यात जी माया वाटते, तिची किंमत उन्हाळ्यात चुकवावी लागते.

तरीही मी ती उतरवणार नाही. परवा किणीच्या पुढे चहाला थांबलो आणि हेल्मेट काढलं. पहिल्या काचेच्या दिवसांत या ठिकाणी कानात अर्धा तास शीळ वाजत राहायची. या वेळी टपरीवाल्याने "साखर कमी?" विचारलेलं पहिल्या झटक्यात ऐकू आलं. काच चांगली आहे.