योनाचा राग

योनाचा ग्रंथ आपल्या मंडळ्यांत रविवारशाळेच्या वयातच सर्वांच्या परिचयाचा होतो, आणि पुष्कळांचा परिचय तेथेच थांबतो. मोठा मासा, तीन दिवस व तीन रात्री, कोरड्या भूमीवर ओकून टाकलेला संदेष्टा, एवढे सांगून झाले की शिक्षक फळा पुसतो. प्रौढांसाठी होणाऱ्या उपदेशांची मजल फार तर तिसऱ्या अध्यायापर्यंत जाते: निनवेने पश्चात्ताप केला, देवाने दया केली, तुम्हीही तसेच करा. चौथा अध्याय वक्त्याला अडचणीचा वाटतो, कारण दया झालेली पाहून आनंद करण्याऐवजी तेथे देवाचा सेवकच मरण मागतो. आमच्या मते हा ग्रंथ लिहिला गेला तो याच अध्यायासाठी. पापाविषयी देवाची दया व देवाचा न्याय यांचा मेळ कसा घालावा हा प्रश्न ज्यांना खरोखर छळतो, त्यांनी आरंभ येथूनच करावा.

योनाला संकुचित मनाचा, परराष्ट्रद्वेष्टा यहूदी ठरवून मोकळे होण्याची एक जुनी रीत ख्रिस्ती भाष्यकारांत आहे. ती सोयीची आहे, न्याय्य नाही. 2 राजे 14:25 वरून दिसते की अमित्तयाचा पुत्र योना हा दुसऱ्या यराबामाच्या काळचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला संदेष्टा. त्याच शतकात, इ. स. पू. 722 च्या सुमारास अश्शूराने शोमरोन घेतले व उत्तरेचे राज्य नाहीसे केले. 701 मध्ये यहूदातील लाखीश पडले. लाखीशच्या वेढ्याची शिल्पे सन्हेरिबाने निनवेतील आपल्या राजवाड्यात कोरवून घेतली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि सुळावर चढवलेले कैदी त्यांत स्पष्ट दिसतात. बहुतेक अभ्यासक प्रस्तुत ग्रंथाची रचना बंदिवासानंतरची मानतात. तसे असेल तर पहिल्या वाचकांना हे सर्व ठाऊक होते. निनवे हे नाव ऐकताच त्यांच्या डोळ्यांपुढे आपले जळालेले गाव येत असणार. अशा नगराला क्षमा झाली म्हणून जो संतापतो त्याला कोत्या मनाचा म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे हे बरे.

आता योना काय म्हणतो ते पाहू. चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात तो देवाचे गुण मोजून दाखवतो: कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध, दयेने पूर्ण, आणि योजिलेल्या अरिष्टाविषयी अनुताप पावणारा. हे शब्द त्याचे स्वतःचे नव्हेत. निर्गम 34 मध्ये सोन्याच्या वासराच्या पापानंतर परमेश्वराने मोशेपुढे आपले नाम घोषित केले, तेथून ते घेतलेले आहेत. मात्र मूळ घोषणेत दयेच्या (हेसेद) जोडीला सत्य (एमेथ) आहे, आणि पुढच्याच वाक्यात अपराधी मनुष्याची मुळीच गय न करण्याची गोष्ट आहे. योनाने हे दोन्ही गाळले आहे. योएल 2:13 मध्येही यादी अशीच येते. पण तेथे ती आशेचा आधार आहे, येथे ती तक्रार झाली आहे. त्यातही योनाच्या बापाचे नाव अमित्तय, आणि ते याच ‘एमेथ’ शब्दापासून आलेले आहे. सत्याचा पुत्र देवापुढे उभा राहून त्याच्या गुणांची यादी म्हणतो आणि तीत सत्य नाही! लेखकाने हे सहज केले असेल असे आम्हांस वाटत नाही. योनाचा आरोपच असा आहे: तू दयाळू आहेस हे मला पहिल्यापासून ठाऊक होते, तुझ्या दयेत सत्य कोठे आहे ते सांग.

हा प्रश्न आम्ही एकदा फार हलका समजलो होतो. तरुणपणी आम्ही एका लहान मंडळीचे पाळक असता तेथील खजिनदाराने एका विधवेने त्याच्यापाशी ठेवलेली रक्कम खर्चून टाकली. मुलीच्या लग्नासाठी तिने ती साठवली होती. पुढे त्याला पश्चात्ताप झाला. तो खरा होता याविषयी आजही आम्हांस शंका नाही. तो मंडळीपुढे उभा राहून रडला, आणि त्याच रविवारी आम्ही योनाच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश करून त्याला प्रभुभोजन दिले. त्या बाई उठून बाहेर गेल्या. घरी येताना आम्ही मनात म्हटले, हा चौथा अध्याय! दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात उभे राहून एवढेच विचारले, “पाळकसाहेब, त्याला देवाने क्षमा केली हे बरे झाले, पण माझे पैसे?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते ग्रंथात होते, पण आम्ही तो नीट वाचला नव्हता. निनवेच्या राजाची आज्ञा उपास व गोणपाट यांवर संपत नाही. प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असे ती सांगते. आणि देवाने काय पाहिले? 3:10 मध्ये गोणपाटाचा उल्लेखही नाही. त्यांची कृत्ये, ते कुमार्गापासून वळले हे त्याने पाहिले. मिश्नामध्ये उपासाच्या दिवशी मंडळीतील वृद्धाने याच फरकावर बोट ठेवावे असे सांगितले आहे. बाबेली तालमुदात तर असे स्पष्टीकरण येते की, निनवेत कोणी चोरलेली तुळई आपल्या वाड्यात बसवली असेल तर त्याने सारा वाडा पाडून ती मालकाला परत केली. (यरुशलेमी तालमुदात निनवेचा पश्चात्ताप लबाडीचा होता असेही एक मत नोंदलेले आहे, योनाला हा पक्ष आवडला असता.) आम्ही खजिनदाराला गोणपाट पाहून सोडले होते, तुळईची चौकशी केली नव्हती. पुढे पंचांच्या आग्रहाने त्याने दरमहा पगारातून पैसे फेडले. बाईंनी ते मोजून घेतले. त्याच्या बाकावर मात्र त्या कधी बसल्या नाहीत, आणि तशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस होता असे आता वाटत नाही.

ग्रंथाच्या भाषेकडेही लक्ष द्यावे. निनवेची दुष्टता, तिच्यावर येऊ घातलेले अरिष्ट आणि योनाची नाराजी या तिन्हींसाठी मूळ इब्रीत ‘रा’आ’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीत हा धागा तुटतो, पण आपल्या मराठीत तो राखता येण्याजोगा आहे: निनवेकर वाईट वागले, त्यांचे वाईट होणार होते, ते टळले आणि योनाला वाईट वाटले. नगरातून निघालेले वाईट शेवटी संदेष्ट्याच्या अंतःकरणात येऊन बसते. तसेच त्याच्या पाच इब्री शब्दांच्या घोषणेतील ‘उलथले जाईल’ हे क्रियापद सदोमाच्या नाशाविषयी वापरलेले आहे. तेच 1 शमुवेल 10 मध्ये शौलाचे अंतःकरण पालटले तेथेही येते. चाळीस दिवसांनी निनवे उलथणार होती; ती पालटली. योनाची वाणी खोटी ठरली नाही, हे त्याला मात्र समजले नाही. न्याय व दया हे दोन पर्याय आहेत आणि देवाने त्यांतला एक निवडला, असे समजणारा वाचक येथे फसतो. पौल रोम 3:26 मध्ये, वधस्तंभाविषयी बोलताना, देव नीतिमान असून नीतिमान ठरवणाराही आहे असे म्हणतो, तेव्हा त्यालाही हे दोन्ही एकदम म्हणायचे आहे.

राहता राहिला शेवटचा प्रश्न. वेलाविषयी हळहळणाऱ्या योनाला देव विचारतो की, उजव्याडाव्या हाताचा भेद न कळणारी 1,20,000 हून अधिक माणसे व पुष्कळ गुरेढोरे ज्यात आहेत त्या नगराविषयी मी हळहळू नये काय? (ते झाड भोपळ्याचे, एरंडाचे की आयव्हीचे यावरून जेरोम व ऑगस्टीन यांचा पत्रव्यवहार झाला होता, आणि जेरोमचा नवा शब्द वाचला गेला तेव्हा आफ्रिकेतील एका मंडळीत गोंधळ उडाला होता. उपासनेत एखादा शब्द बदलून पाहिलेल्या पाळकांना याचे नवल वाटणार नाही.) मूळ वाक्यात प्रश्नवाचक अव्यय नाही, म्हणून अलीकडे काही अभ्यासक ते विधान म्हणून वाचतात: निनवेविषयी मी हळहळणार नाही. आम्हांस हे पटत नाही. वेलापासून नगरापर्यंत चढत जाणारी युक्ती प्रश्नातच पुरी होते. तरीही या सूचनेमागची जाणीव खरी आहे. इ. स. पू. 612 मध्ये निनवे खरोखरच पडली, आणि ग्रंथाच्या वाचकांना ते ठाऊक होते. ग्रीक सप्ततीत योनाच्या लगेच पुढे नहूम येतो. तो निनवेविरुद्ध बोलताना मोशेला मिळालेल्या त्याच घोषणेकडे वळतो, आणि मंदक्रोध हा शब्द ठेवून योनाने गाळलेला भाग पुरा करतो: परमेश्वर अपराध्याची गय करीत नाही. ज्या पिढीने हातचा जुलूम सोडला तिला मुदत मिळाली होती. नहूमाच्या काळी ते नगर पुन्हा रक्तपाताचे नगर झाले होते.