मुक्या कॅमेऱ्यांचं मोल

लिलावातल्या किमतींवर बोलायचं म्हटलं की ‘एवढे पैसे देतातच कसे?’ असा सूर आपण लावतो. तो आज सोडून देऊ. ज्याचे पैसे, त्याची हौस. माझा आक्षेप मापावर आहे. सुरुवातीच्या व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यांना लिलावाचा बाजार जे माप लावू पाहतो, ते मुळात दुसऱ्याच वस्तूसाठी बनलेलं आहे.

ते माप लायकाचं. जून २०२२ मध्ये जर्मनीत वेट्झलार इथे झिरो मालिकेतला १०५ क्रमांकाचा लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तो खुद्द ऑस्कर बारनॅक यांच्या वापरातला, त्यांचं नाव कोरलेला. तिथे क्रमांक, रंग, झीज आणि पूर्वीचा मालक बघतात, ते ठीकच. कारण सगळा कॅमेरा त्या धातूच्या डबीत आहे. अशी डबी जाणत्या कारागिराने दुरुस्त केली, फिल्म भरली, की शंभर वर्षांनीही फोटो निघू शकतो.

आता कोडॅकचा १९९१चा डीसीएस घ्या, पुढे ज्याला डीसीएस १०० म्हणू लागले. सांगाडा निकॉन एफ३चा, त्यात कोडॅकचा १३ लाख पिक्सेलचा सेन्सर. पण फोटो कॅमेऱ्यात राहतच नसे! केबलने तो खांद्यावरच्या पेटाऱ्यात जायचा. पेटाऱ्यात २०० एमबीची हार्ड डिस्क, बॅटऱ्या आणि एक छोटा पडदा. न दाबलेले फोटो मावायचे १५६. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात, आणि सगळे मिळून विकले गेले ९८७. दुर्मिळ म्हणायला हरकत नाही.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये जोड्याचं उदाहरण दिलं आहे. जोडा पायात घालता येतो, आणि देऊन दुसरं काही घेताही येतं; पण घालणं हा त्याचा स्वतःचा उपयोग. लायका कपाटात बसला तरी हा पहिला उपयोग त्याच्यात शाबूत राहू शकतो. डीसीएसचा पहिला उपयोग मात्र बॅटरी, केबल, डिस्क, जुना स्कझी जोडणीचा संगणक आणि त्यावरचं सॉफ्टवेअर यांच्यात वाटला गेलेला आहे. यातलं एक गेलं की यंत्र मुकं. मग बोली कशावर लागते? मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. बाजार ज्याला पैसे देतो तेच लोक जपतात. चकचकीत बॉडीला भाव मिळाला की बॉडी पुसून ठेवली जाईल आणि कळकट पेटारा, केबल, चार्जर भंगारात जाईल. त्यानंतर हाती उरतो मागे मुका सेन्सर असलेला एफ३. तीच गत ओरखड्यांची. १९९४ साली असोसिएटेड प्रेस आणि कोडॅकने बातमीदारांसाठी एनसी २००० आणला. त्यावर एकही ओरखडा नसेल, तर तो बहुधा बातमीच्या मागे धावलाच नाही. तरी ‘स्थिती उत्तम’ म्हणून त्यालाच जास्त पैसे द्यायचे?

कुणी म्हणेल, नवी बॅटरी घातली की मूळपणा गेला. अहो, तंबोऱ्याच्या तारा आपण बदलतोच की! जुने बॅटरीचे सेल त्याच डब्यात बांधून ठेवा, नवे बसवा आणि तसं यादीत लिहा.

यादीत आणखी एक गोष्ट हवी: विक्रीला ठेवलेल्या त्याच कॅमेऱ्याने त्याच महिन्यात काढलेला एक फोटो. तो देता येत नसेल, तर नेमकं काय हरवलंय, केबल, डिस्क की सॉफ्टवेअर, हे बोली सुरू होण्याआधी घेणाऱ्याला सांगावं.