गो गेज गेलं म्हणजे आटे बरोबर?

सीएनसी लेथवर कापलेल्या आट्यांत गो गेज अडलं, की आपण काय करतो? ऑफसेट थोडा आत घेऊन आणखी एक कट मारतो. गेज फिरलं, जॉब पास! माझा आक्षेप या सवयीवर आहे.

गो गेज व्यास आणि पिच एकत्रच तपासतं. 60 अंशांच्या आट्यात पिचची चूक त्याला 1.732 पट जास्त व्यासासारखी भासते. गेजच्या लांबीत पिच एकूण 0.03 मिमी चुकली, तर आटा 0.052 मिमी जाड वाटतो. तुम्ही तेवढा व्यास उतरवता. एम20×2.5ला 6जी वर्गात पिच व्यासाची सूट 0.170 मिमी असते, त्यामुळे नो-गोही बऱ्याचदा काही बोलत नाही. पिचची चूक मात्र तशीच राहते. नट बसतो, पण भार मोजक्याच आट्यांवर येतो.

आता मूळ बघा. 600 आरपीएमला 2.5 पिच म्हणजे टूल सेकंदाला 25 मिमी धावणार. तो वेग पकडायला जॉबच्या आधी जागाच ठेवली नाही, तर पहिले आटे चुकणारच. म्हणून ऑफसेटला हात लावण्याआधी पिच वेगळी मोजा. ती चुकली असेल, तर सुरुवातीचं अंतर वाढवा किंवा आरपीएम कमी करा.